विश्लेषण : शर्यतीच्या बैलाला नियमावली, मग पर्यटकांच्या घोड्याला काय? लोणावळा-मावळातील घोडेस्वारीचा हिशेब

पावसाळ्यातला रविवार. लोणावळ्यात टायगर पॉइंटच्या वाटेवर भाजलेल्या कणसांचा धूर, धुके, हॉर्न आणि त्या गर्दीतून वाट काढणारे घोडे. रंगीत गोंडे लावलेले खोगीर, कपाळावर आरशाची झालर. लहान मूल हट्ट धरते, आई-बाबा भाव करतात, मोबाइलवर व्हिडीओ निघतो, पाच मिनिटांत फेरी संपते. घोडा उतरवणाऱ्या माणसाकडून पुढच्या माणसाकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वी मावळातल्याच एका पॉइंटवर मीही असाच बसलो होतो. माझे वजन ८२ किलो. घोडा माझ्या छातीच्या खाली येईल एवढाच. फेरीच्या शेवटी उतरताना रिकिबीत पाय अडकला आणि तोल सावरायला मी त्याच्या पाठीवर हात टेकला, तर त्याने अख्खे अंग आखडून घेतले. खोगिराच्या कडेखाली पैशाएवढी जखम होती, तिच्यावर हळद लावलेली. म्हणजे मालकाला ती माहीत होती. काळजीही होती. तरी घोडा कामावर होता.

या एका दृश्यात पर्यटनस्थळांवरच्या घोडेस्वारीचा सगळा पेच आहे. क्रूर माणूस शोधायला गेलात तर बहुतेक वेळा सापडत नाही. सापडतो तो नियम नसलेला धंदा.

हा प्रश्न आताच का?

पहिले कारण घाटाखालचे. लोणावळ्याहून कर्जत-नेरळमार्गे गाठता येणाऱ्या माथेरानबाबत सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी निकाल दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे राज्य सरकारला सांगितले आणि त्याऐवजी ई-रिक्षांचा मार्ग दाखवला. माणसाने माणसाला ओढणे हे प्रतिष्ठेला धरून नाही, हा त्या निकालाचा गाभा. हातरिक्षा गेल्या की माथेरानमध्ये ई-रिक्षा आणि घोडा हे दोनच पर्याय समोरासमोर उरतात. अश्वपालकांचा ई-रिक्षांना आधीपासून विरोध होता, तो याच भीतीने.

दुसरे कारण मावळातच आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. या घटनांनंतर प्रशासनाने प्रतिबंधात्मक आदेश काढले, वेळेची बंधने घातली. त्यांचा रोख पाणी, दरी आणि जुने पूल यांच्यावर होता, आणि ते योग्यच आहे. पण गर्दीचे नियमन करायला घेतले की गर्दीवर जगणाऱ्या प्रत्येक धंद्याचा विचार करावा लागतो. घोडा त्यातला एक.

तिसरे, ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा दिला. त्यात मावळातला लोहगड आहे. गडाच्या पायथ्याशी गर्दी वाढेल, तशी ‘घोडा आहे का’ ही विचारणाही वाढेल.

घोड्याच्या पाठीवर किती वजन चालते?

इथे थोडे गणित करू.

जगभरात अश्वारोहणात वापरला जाणारा ठोकताळा असा की स्वार, खोगीर आणि इतर सामान मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त ओझे नसावे. हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेतील ओहायोमध्ये ८ घोड्यांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यावर वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझे ठेवून व्यायाम करून घेतला गेला. २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक दिसला नाही. २५ आणि ३० टक्क्यांवर मात्र हृदयाचे ठोके वाढले, स्नायू दुखरे आणि ताठर झाले. आठच घोडे, म्हणजे अभ्यास लहान आहे. पण त्याचा निष्कर्ष घोडदळातल्या जुन्या अनुभवाशी जुळतो.

आता घोड्याचे वजन कसे कळणार? वजनकाट्यावर तो उभा करायची गरज नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ११,८७७ ने भागायचे. उत्तर किलोत येते. पशुवैद्यक अंदाजासाठी हेच सूत्र वापरतात.

समजा घेर १५० सेंटिमीटर आणि लांबी १४० सेंटिमीटर. उत्तर साधारण २६५ किलो. त्याचे २० टक्के म्हणजे ५३ किलो. यातून खोगीर, खालची घोंगडी, रिकिबी यांचे ७-८ किलो वजा केले की स्वारासाठी उरतात ४५ किलो. म्हणजे सातवी-आठवीतला मुलगा. माझ्यासारखा ८२ किलोचा माणूस त्या घोड्यावर बसला तर खोगिरासह ९० किलो होतात, म्हणजे त्याच्या वजनाच्या तब्बल ३४ टक्के. मांडीवर मूल घेऊन बसलेले वडील असतील तर हिशेब आणखी बिघडतो.

मोठ्या बांध्याच्या घोड्याला हे लागू नाही. ४५० किलोचा घोडा ९० किलो सहज पेलतो. पण पर्यटनस्थळांवर दिसणारी जनावरे बऱ्याचदा बुटकी तट्टे असतात. ती चारायला कमी लागतात, चढायला सोपी आणि मुलांना भीती वाटत नाही. पर्यटकाला घोडा ‘घोडा’च दिसतो, त्याचे आकारमान कोणी पाहत नाही.

त्यात हे सगळे आकडे सपाट जमिनीवरचे आहेत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि इथला खरा हंगाम पावसाळाच. माथेरानशी तुलना केली तर फरक कळतो. तिथे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळची मिनी ट्रेन घाटात चालत नाही आणि पर्यटक कमी होतात, त्यामुळे घोड्यांनाही थोडा आराम मिळतो. लोणावळ्यात उलटे. कातळ शेवाळलेला असतो, डांबर ओले असते, खूर दिवसभर चिखलात असतात, नेमके तेव्हाच गिऱ्हाईक सर्वाधिक. सतत ओले राहिलेले खूर तळातून सडतात, आणि लोखंडी नाल ओल्या डांबरावर घसरते. घोडा घसरला तर वरचा माणूसही पडणार, हे सांगायला नको.

कायदा काय म्हणतो?

कायदा आहे, आणि जुना आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ मध्ये जनावराला मारणे, त्याच्यावर क्षमतेबाहेर स्वारी करणे, क्षमतेबाहेर हाकणे, जादा ओझे लादणे हा गुन्हा आहे. म्हातारे, आजारी किंवा जखमी जनावर कामाला जुंपणे हाही गुन्हा. मी पाहिलेला हळद लावलेला घोडा याच तरतुदीत येतो.

शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टायगर पॉइंटवर आज ५० रुपयांत धड भजीची प्लेटही मिळणार नाही. शिवाय यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपासाला लागू शकत नाहीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये शिक्षा वाढवणारा दुरुस्ती मसुदा सूचनांसाठी खुला केला होता. जनावर मारून टाकले किंवा कायमचे जायबंदी केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण ते टोकाचे प्रकरण झाले.

याच अधिनियमाखाली १९६५ साली ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यात पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा दिली आहे : तट्टू ७० किलो, खेचर २०० किलो, गाढव ५० किलो. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नाही. टांगा-बग्गीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुले सोडून चारच प्रवासी. काटेरी लगाम वापरायला बंदी.

हा तक्ता ओझ्याचा आहे, हौसेने बसणाऱ्या पर्यटकाचा नाही. तो लिहिला गेला तेव्हा तट्टू म्हणजे बाजाराचे सामान वाहणारे जनावर होते. पण ७० किलोची मर्यादा पोत्याला लागू होत असेल तर माणसाला का होऊ नये? घोड्याच्या मणक्याला फरक कळत नाही. उलट पोते नीट बांधलेले असते; नवखा माणूस मात्र वर उड्या मारतो, लगाम ओढतो आणि सेल्फीसाठी मागे वळतो.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवू. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. त्यामुळे आज शर्यत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नको, बैल तंदुरुस्त असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र हवे. अटी मोडल्या तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

या अटी सगळीकडे काटेकोर पाळल्या जातात, असा दावा नाही. पण कागद तरी आहे. एकाच तालुक्यात, घाटात काही सेकंद धावणाऱ्या बैलासाठी पाच लाखांची जरब आणि पॉइंटवर दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या घोड्यासाठी ५० रुपयांची. गंमत म्हणजे आपल्याकडच्या बैलगाड्यापुढे स्वारासह घोडी धावते. शर्यतीसाठी न्यायालयात जाणारे लोक होते, संघटना होत्या, निवडणुका होत्या. पॉइंटवरच्या घोड्यासाठी यातले काही नव्हते.

मालक मुद्दाम त्रास देतात का?

हा प्रश्न सोशल मीडियावर फार लवकर निकाली निघतो. व्हिडीओ येतो, शिव्या पडतात, विषय संपतो. पण धंद्याचे अर्थकारण पाहिले तर वेगळे दिसते.

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा-खाद्य लागते. २६५ किलोच्या तट्टाला पाच किलोच्या वर. त्यात कडबा, गवत, वर हरभरा किंवा भुशाची चंदी. पाणी २५ लिटर किंवा त्याहून अधिक. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. हा खर्च सोमवारीही आहे आणि गुरुवारीही. गिऱ्हाईक मात्र शनिवार-रविवारी. वर्षात असे दिवस १०४. सणासुदीच्या सुट्ट्या धरल्या तरी १२०-१२५. म्हणजे एका कमाईच्या दिवसाला जवळपास तीन दिवसांचा चारा काढायचा, शिवाय घर चालवायचे. अशा हिशेबात रविवारी दुपारी घोडा लंगडला तर त्याला बाजूला बांधणे म्हणजे आठवड्याचे उत्पन्न बांधून ठेवणे. जखमेवर हळद लावून चौथी फेरी मारली जाते ती इथे.

म्हणून नुसते ‘घोड्यावर दया करा’ म्हणून भागत नाही. फेऱ्यांवर मर्यादा घालायची असेल तर दर वाढवावे लागतील, म्हणजे ते ठरवून फलकावर लावावे लागतील. आज भाव पर्यटकाच्या गाडीचा नंबर पाहून ठरतो, असे गमतीने म्हणतात. त्यात गंमत कमी आहे.

सरकारकडे काहीच नाही असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. या जनावरांवर आधारित उद्योगासाठी ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख रुपये. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी अर्ज करू शकतात. पशुधन विम्यातही घोडे, गाढवे आणि खेचरे येतात. दोन घोडे बाळगणाऱ्या माणसाला प्रकल्प अहवाल लिहून देणार कोण, हा वेगळा प्रश्न.

ही तरतूद उगाच आलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख उरली. २०१२ च्या तुलनेत ४५ टक्क्यांहून अधिक घट. गाढवे १.२ लाख, घट ६१ टक्के. खेचरे ८४ हजार, घट ५७ टक्के. विटभट्टीवर, बांधकामावर यंत्रे आली, टांगे संपले. गडावर चुना-दगड चढवायला गाढवे अनेकदा लागतात, पण तेवढ्यावर कळप टिकत नाही. घोड्याला आता कामापेक्षा हौसेतच गिऱ्हाईक जास्त : वरात, मिरवणूक, पर्यटन.

बंदी की परवाना? इतरांनी काय केले?

मुंबईने बंदीची वाट धरली. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मरीन ड्राइव्ह, गेटवे परिसरातली मौजेसाठीची व्हिक्टोरिया बग्गी बेकायदा ठरवली, एका वर्षात ती बंद करायला सांगितले आणि घोडे व चालक यांच्या पुनर्वसनाची योजना आखायला सांगितली. २०२१ मध्ये त्याच धर्तीच्या विजेवरच्या बग्ग्या रस्त्यावर आल्या. मुंबईत ते जमले. रस्ता सपाट होता, पर्याय होता, आणि शहरात घोड्याला धड तबेला नव्हता. लोणावळ्यात उद्या बंदी घातली तर घोडे जातील कुठे? ज्या जत्रेत, ज्या वरातीत त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसेल तिथे. माझ्या मते सरसकट बंदीने प्रश्न सुटत नाही, तो नजरेआड होतो.

माथेरान हे परवान्याचे उदाहरण. ४ फेब्रुवारी २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, मोटारींना मनाई आहे आणि घोडा तिथे वाहतुकीचेच साधन आहे. घोड्यांना क्रमांक आहेत, संघटना आहे. तरी सगळे आलबेल नाही. दस्तुरी नाक्यावर घोडेवाले, हमाल पर्यटकांची दिशाभूल करतात, या आरोपावरून स्थानिकांनीच १८ मार्च २०२५ पासून बंद पुकारला होता. पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, ही अश्वपालकांची तक्रारही न्यायालयापर्यंत गेली. पण एक गोष्ट लक्षात घ्या : माथेरानमध्ये भांडायला कोणीतरी समोर आहे. क्रमांक असला की तक्रार करता येते.

परदेशातली दोन उदाहरणे आपल्या विषयाला थेट भिडतात. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर चढावर गाढवावरून पर्यटक नेतात. टीका झाल्यावर २०१८ मध्ये नियम आला : १०० किलो किंवा जनावराच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त ओझे नाही. तोच २० टक्क्यांचा ठोकताळा, फक्त कायद्यात लिहिलेला. इंग्लंडच्या ब्लॅकपूल किनाऱ्यावरची गाढवे तर नोकरदारांनी हेवा करावा अशी. सकाळी १० ते संध्याकाळी ७ हीच वेळ, मध्ये जेवणाची एक तास सुट्टी आणि शुक्रवारी साप्ताहिक रजा. गाढवाला रजा हे वाचून हसू येईल, पण तिथे हा धंदा पिढ्यानपिढ्या टिकला आहे, तो या नियमांसकट.

लोणावळ्यात जबाबदारी कोणाची?

इथे खरी अडचण आहे. माथेरान ही एक नगर परिषद, एक प्रवेशनाका. लोणावळा-मावळात प्रत्येक पॉइंटचा मालक वेगळा. भुशी धरण रेल्वेचे. बाजारपेठ आणि शहर लोणावळा नगर परिषदेचे. टायगर पॉइंटकडे गेलात की कुरवंडे ग्रामपंचायत आणि वन विभाग. लोहगडावर पुरातत्त्व खाते. घोडा एका रविवारी यातल्या तीन हद्दी ओलांडतो. परवाना कोणी द्यायचा यावर एकमत व्हायलाच एक हंगाम जाईल.

या सगळ्यांवर एकच अधिकारी आहेत, ते म्हणजे जिल्हाधिकारी. बैलगाडा शर्यतीला परवानगी तेच देतात, पावसाळ्यातले मनाई आदेश तेच काढतात, आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचे अध्यक्षही तेच. म्हणजे नवा कायदा होण्याची वाट न पाहता सुरुवात करता येईल. घोड्याच्या गळ्यात क्रमांक, वर्षातून दोनदा पशुवैद्यकीय तपासणी, घोड्याच्या मापावरून ठरवलेली स्वाराची वजनमर्यादा, दरफलक आणि पॉइंटवर एक साधा वजनकाटा. सुट्टीच्या दिवशी पाळी-पाळीने फेऱ्या, म्हणजे तीन घोड्यांचे काम एकावर पडत नाही.

तपासणीचा मुद्दा केवळ घोड्याच्या भल्याचा नाही. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होऊ शकतो. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा आढळला होता. बाधित घोड्यावर उपचार करत नाहीत, त्याला दयामरण द्यावे लागते आणि परिसरातल्या घोड्यांच्या हालचालीवर बंधने येतात. ज्या घोड्याची नोंदच नाही तो कुठून आला, कोणत्या जत्रेत जाऊन आला, हे साथ आल्यावर कसे शोधणार?

मावळात दुसरी वाट आहे का?

आहे, आणि ती फार लांब नाही. तळेगाव दाभाडे परिसरात जापालूपसारखे अश्वारोहण केंद्र आहे. अशा केंद्रांत नवख्याला आधी हेल्मेट, मग बंदिस्त मैदान, मग लगाम धरलेला प्रशिक्षक. माणूस पाहून घोडा निवडतात. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले. अश्वारोहणातले हे सुवर्ण ४१ वर्षांनी आले, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. हा खेळ महागडा आहे, हे खरे. रविवारी कणीस खात आलेल्या कुटुंबाला त्याचे शुल्क परवडणार नाही. पण घोडा हाताळण्याची तिथली रीत शिकायला पैसे कमी आणि इच्छा जास्त लागते. पॉइंटवरच्या घोडेवाल्यांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण, खोगीर नीट कसे बसवायचे, तंग किती आवळायचा, खूर कसे तपासायचे, एवढे तरी अशा केंद्रांच्या मदतीने होऊ शकते.

दुसरी गोष्ट भीमथडीची. भीमेच्या खोऱ्यातले हे बुटके, काटक घोडे मराठा घोडदळाचा कणा होते आणि आजही धनगरांच्या वाड्यासोबत सामान वाहत फिरतात. २०२४ च्या सुरुवातीला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता दिली. देशातली ती आठवी नोंदणीकृत घोड्याची जात. पुणे जिल्हा हा तिच्या घरचा मुलूख. लोहगडाच्या पायथ्याशी भीमथडी पाहायला, त्याला खरारा करायला, दहा वर्षांच्या मुलाला त्यावर बसवून चार पावले चालवायला लोक पैसे देतील. वारशाची गोष्ट सांगता सांगता वजनाची मर्यादाही आपोआप पाळली जाईल, कारण मोठ्यांनी बसायचे नाही असा नियमच ठेवता येईल. नुसती जात जाहीर करून घोडा जगत नाही, त्याला काम लागते. हलके, मोजलेले काम.

तोपर्यंत बसायचेच असेल तर?

बसू नका, असे मी म्हणणार नाही. मीही लहानपणी बसलो आहे आणि तो आनंद आठवतो. पण आधी एक मिनिट घोड्याकडे पाहा. तो चारही पाय सारखे टेकतो का? चालताना डोके वर-खाली होत असेल तर तो लंगडतो आहे. खोगिराच्या कडेला, तंगाखाली, तोंडाच्या कोपऱ्यात जखम आहे का? बरगड्या दुरून मोजता येतात का? नाल सैल वाजते का? यातले काही दिसले तर दुसरा घोडा बघा आणि का नको ते मालकाला सांगा. गिऱ्हाईक जाते आहे हे कळले की कलम ११ पेक्षा लवकर परिणाम होतो.

वजन ६० किलोच्या वर असेल आणि घोडा तुमच्या खांद्याखाली असेल तर मुलाला बसवा, स्वतः शेजारून चाला. एका घोड्यावर दोघे नको. ओल्या कातळावर, दरीच्या कडेला, गाड्यांच्या रांगेतून फेरी नको. पाऊल रिकिबीत पुढच्या एक तृतीयांशापर्यंतच घाला, म्हणजे पडलात तर पाय अडकणार नाही. मागून जाऊ नका. हेल्मेट मागा, नसेल तर मुलाला घोडा पळवू देऊ नका.

जखमी किंवा कोसळलेला घोडा दिसला तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा, फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते. आणि पडून तुम्हालाच खरचटले तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. धनुर्वाताचे जिवाणू घोड्याच्या लिदीत आणि तिथल्या मातीत असतात. पॉइंटवरच्या चिखलात दोन्ही मुबलक आहे.